आपल्याच विभागात पीएच.डी.: ना-हरकत अडली आहे आणि पेपर काढायलाही मलाच सांगितलंय

प्रश्न: मी एका राज्य विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात सात वर्षं कायम सहायक प्राध्यापक आहे. नेट, म्हणजे अध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, झालेली आहे. आमच्याच विभागात, नोकरी सांभाळून, अर्धवेळ पीएच.डी. करायची आहे. ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज देऊन चार महिने झाले. विभागप्रमुख तोंडी सांगतात, "वीस टक्क्यांचा कोटा संपला, एक सर आधीच अभ्यासरजेवर आहेत." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडे नोंदणी करणार असाल तर बघू." त्यातच यंदाच्या पेटचा, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा, पेपर काढण्याचं पत्र मला आलंय, आणि कोर्सवर्कमधला (पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या असलेल्या अभ्यासक्रमातला) संख्याशास्त्राचा भाग गेली दोन वर्षं मीच शिकवते. एक सहकारी उघड म्हणतो, "यांची नोंदणी झाली की मी तक्रार टाकणार." मी काही बेकायदेशीर करतेय का?

उत्तर: नाही. आपण शिकवतो त्याच विद्यापीठात पीएच.डी. करायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांची आडकाठी नाही. तुमच्या विद्यापीठाच्या अध्यादेशात जादा अट आहे का, तेवढं संकेतस्थळावरून उतरवून घेऊन वाचा. विभागातल्या जुन्या लोकांच्या तोंडून ऐकू नका. तोंडी अध्यादेश फार असतात.

आधी वीस टक्क्यांचं बघू. हा आकडा हवेतून आलेला नाही. तो आयोगाच्या २०१८च्या नेमणूक-अर्हता नियमांतल्या ३.११ मध्ये आहे. फक्त तो आहे अभ्यासरजेसाठी: एकूण अध्यापकसंख्येच्या वीस टक्क्यांपर्यंत नियमित अध्यापकांना पीएच.डी.साठी अभ्यासरजा द्यावी, असं तिथे म्हटलंय. तुम्ही रजा मागितलेलीच नाही. त्यामुळे ते सर रजेवर असले काय किंवा नसले काय, तुमच्या अर्जाशी त्याचा संबंध येत नाही. उलट त्याच नियमातलं दुसरं वाक्य तुमच्या बाजूचं आहे: कोणतीही रजा न घेता, शिकवत असतानाच संशोधन पदवीसाठी घालवलेला सेवाकाळ थेट भरती आणि पदोन्नतीसाठी अध्यापनाचा अनुभव म्हणून धरला जातो. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. लागणारच, तेव्हा हे वाक्य जपून ठेवा.

अर्धवेळ पीएच.डी.ला आयोगाच्या २०२२च्या नियमांची मान्यता आहे. नोकरदार उमेदवाराच्या ना-हरकतीत काय असावं, तेही तिथे लिहिलंय. एक, अर्धवेळ शिक्षणाला परवानगी आहे. दोन, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल. तीन, गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळीक दिली जाईल. तुमचा पहिला अर्ज बहुधा "परवानगी मिळावी ही विनंती" एवढाच असणार. नवा अर्ज द्या, त्यात ही तिन्ही वाक्यं जशीच्या तशी घाला आणि मसुदा सोबत जोडा. तिसऱ्या वाक्याबाबत एक खुबी सांगतो. कोर्सवर्कचे दिवस हजेरीपटावर 'रजा' म्हणून पडले, तर पुढे कोणीतरी "रजा घेतली होती" म्हणून तुमच्या अनुभवावर बोट ठेवील. म्हणून आदेशात "कार्यमुक्त" किंवा "कार्यभार समायोजित" असे शब्द मागून घ्या.

अर्ज यथायोग्य मार्गाने, म्हणजे विभागप्रमुखांमार्फतच, कुलसचिवांना करा. पण आगाऊ प्रत त्याच दिवशी कुलसचिव कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. विद्यापीठात कागद हरवत नाही, तो 'विचाराधीन' असतो. महिनाभरात हालचाल झाली नाही तर माहिती अधिकारात फाइलवरच्या टिप्पणीची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वीस टक्क्यांचं कारण त्यांनी फाइलवर लिहिलं असेल तर ते खोडता येईल, आणि काहीच लिहिलं नसेल तर तेही तुमच्या पथ्यावरच पडेल. मग तक्रार निवारण समिती. तिथेही काही झालं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. मात्र न्यायालय तुमच्या हातात ना-हरकत देईल अशी अपेक्षा ठेवू नका. साधारणपणे "अमुक दिवसांत कारणं देऊन निर्णय घ्या" असा आदेश मिळतो. बरेचदा तेवढ्यानेही फाइल हलते.

आता दुसरी बाजू, जिची मला जास्त काळजी वाटते. तुमच्या सहकाऱ्याची धमकी पोकळ नाही.

पेटचा पेपर तुम्ही काढू नका. तुम्ही म्हणाल, मी नेटवाली, मला पेटमधून सूट आहे, मी कुठे तो पेपर लिहिणार? पण जागा मोजक्या असतात, आणि तुम्ही काढलेला पेपर लिहून येणारी मुलं त्याच जागांसाठी तुमच्याशी स्पर्धा करणार. १९६९ सालचा ए. के. क्रायपाक खटला इथे लागू पडतो. जम्मू-काश्मीरमधल्या वन अधिकाऱ्यांच्या निवडीचं प्रकरण होतं. निवड मंडळावरचे एक अधिकारी स्वतःच उमेदवार होते. स्वतःच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते बाजूला राहिले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा मंडळात बसलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केली. पक्षपात खरोखर झाला का, हे सिद्ध करायची गरजच पडली नाही. तसा होण्याची वाजवी शक्यता पुरली. "मी माझ्या विषयाच्या वेळी बाहेर गेले होते" हा बचाव यानंतर फारसा टिकत नाही.

कोर्सवर्कचंही तसंच. किमान बारा क्रेडिट्स लागतात आणि संख्याशास्त्राचा तास तुमचाच. स्वतःच्या तासाला स्वतःची हजेरी मांडणार का? तुमच्या तुकडीपुरता तो भाग दुसऱ्या अध्यापकाकडे द्यायला सांगा. शिकवणं, पेपर काढणं, तपासणं, सगळं. विभागाच्या ज्या बैठकीत संशोधकांची प्रगती ठरते तिच्या उपस्थितीपत्रकावर तुमची सही नको. प्रबंधाचं तितकंसं भय नाही, कारण तिथे मार्गदर्शकाखेरीज किमान दोन परीक्षक संस्थेबाहेरचे असतात.

मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखांना घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याने बंदी आहे म्हणून नव्हे. तुमचा गोपनीय अहवालही तेच लिहिणार आणि सहामाही प्रगती अहवालावरही त्यांचीच सही लागणार. एकीकडे बिनसलं की दुसरीकडेही अडतं. "माझ्याकडे असाल तर बघू" म्हणणाऱ्या माणसाच्या हाती दोन्ही दोऱ्या कशाला द्यायच्या? प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. कोणाकडे जागा रिकामी आहे ते बघा, शेजारच्या विभागातही बघा. ते वाक्य ते तोंडी बोलले, तेव्हा आज तरी तक्रारीत घालू नका. तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवा.

घाई कशाची असेल तर ती पेटच्या पत्राची. नव्या अर्जाच्या आधी त्याचं उत्तर जाऊ द्या. परीक्षा विभागाला चार ओळी पुरेत: "मी स्वतः या वर्षीच्या पीएच.डी. प्रवेशासाठी अर्ज करणार असल्याने प्रश्नपत्रिकेचे काम स्वीकारू शकत नाही. पत्र व सोबतचे सर्व साहित्य परत करीत आहे." पाकीट आलं तसं बंद असेल तर तसंही लिहा. उघडलं असेल तर तेही खरं सांगा आणि या फेरीत अर्जच करू नका. पुढच्या फेरीपर्यंत ना-हरकतही हातात आलेली असेल.