परीक्षा ‘गिव्ह’ करायची की ‘टेक’?

प्रश्न : मुलाखतीत मी ‘आय गेव्ह द एक्झॅम इन मे’ म्हणालो, तर परदेशी मुलाखतकारांनी विचारलं, ‘तुम्ही शिकवत होता का?’ माझं काय चुकलं?

व्याकरण बिनचूक होतं, अर्थ उलटला. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. ती हातात घेणारा तो ‘टेक’ करणारा. म्हणजे तुमचं वाक्य ‘आय टुक द एक्झॅम इन मे’ असं हवं होतं. टोफेलसारख्या परीक्षांत उमेदवाराला ‘टेस्ट टेकर’च म्हणतात.

यात ओशाळण्यासारखं काही नाही. इटालियन विद्यार्थीही आपल्यासारखी परीक्षा ‘देतात’. फ्रेंचांची गंमत आणखी वेगळी. त्यांचं ‘पासे’ हे क्रियापद परीक्षेला बसण्यासाठी आहे, पास होण्यासाठी नाही. त्यामुळे इंग्रजी बोलताना तेही फसतात.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. ‘आय टुक अ टेस्ट ऑफ क्लास सेव्हन’ चालेल का?

नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, सातवीचा पेपर तुम्हीच सोडवलात! ‘आय गेव्ह क्लास सेव्हन अ टेस्ट’ म्हणा. पेपर काढला असेल तर ‘सेट’. वर्गात देखरेख केली असेल तर ब्रिटिश पद्धतीने ‘इन्व्हिजिलेट’, अमेरिकन पद्धतीने ‘प्रॉक्टर’. पेपर तपासण्याला ब्रिटिश ‘मार्क’ म्हणतात, अमेरिकन ‘ग्रेड’. आणि मंडळाने परीक्षा घेतली असं सांगायचं असेल तर ‘हेल्ड’ किंवा ‘कंडक्टेड’.

प्रश्न : ‘सिट’, ‘अपिअर’, ‘राइट’ यांतलं बरोबर कोणतं?

तिन्ही चालतात, पण सगळीकडे नाही. ‘सिट ॲन एक्झॅम’ ब्रिटिश, ‘राइट ॲन एक्झॅम’ कॅनडात रुळलेलं, ‘अपिअर फॉर’ आपल्याकडचं. ‘टेक’ कुठेही अडत नाही.

प्रश्न : बायोडेटामध्ये ‘पास्ड आउट इन 2019’ लिहिलंय. बदलू का?

बदला. बाहेरच्या वाचकाला ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं. लष्करी प्रबोधिनीतून प्रशिक्षण संपवून बाहेर पडण्याला ब्रिटिश इंग्रजीत तेच म्हणतात, ‘पासिंग आउट परेड’ त्यातलीच; पण कॉलेजसाठी ‘ग्रॅज्युएटेड इन 2019’ लिहावं. शाळेसाठी ‘फिनिश्ड स्कूल’ साधं आणि निर्धोक.

प्रश्न : इथे सगळेच ‘गिव्ह’ म्हणतात. मग मीच का बदलू?

आपसात बोलताना बदलू नका. भारतीय इंग्रजीत ते इतकं रुजलंय की कुणाचाच गोंधळ होत नाही, आणि उगाच मित्रांना टोकत बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. परदेशी विद्यापीठाला अर्ज करताना मात्र ‘टेक’च लिहा. ‘आय गेव्ह थ्री एक्झॅम्स’ वाचून तिकडे कुणी तुम्हाला परीक्षक समजलं, तर खुलासा करायला तुम्ही समोर नसता.