वाचक विचारतात : आर्किटेक्टने नगरसेवक व्हावे का?

प्रश्न : मी आर्किटेक्ट आहे. आमच्या फर्मकडे महापालिकेच्या एका वाचनालयाचे काम चालू आहे आणि मला निवडणूक लढवायची आहे. काम भागीदाराच्या नावावर केले तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही चालणार. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम १० पाहा. महापालिकेशी झालेल्या करारात उमेदवाराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल, तर तो अपात्र ठरतो. एक तर काम संपवा, नाही तर करारातून बाहेर पडा आणि महापालिकेकडून तसे लेखी पत्र घ्या. फर्म सोडणार असाल तर निवृत्तीचा दस्त करून रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवा. हे सारे अर्ज भरण्याआधी व्हायला हवे. शेवटचे बिल किंवा अनामत रक्कम येणे बाकी असेल तर कागद वकिलाला दाखवा. छाननीच्या दिवशी विरोधक नेमके तेच उकरून काढतात.

खासगी ग्राहकांचे नकाशे मंजुरीसाठी दाखल करणे म्हणजे महापालिकेशी करार नव्हे. तरी निवडून आल्यावर त्याच शहरात ही कामे चालू ठेवू नयेत, असे आम्ही स्पष्ट सांगू. ज्या बांधकाम परवानगी विभागाला सभागृहात जाब विचारायचा, त्याच्याच टेबलावर तुमची फाईल पडून असते. मग जाब कोण विचारणार?

आणखी एक गोष्ट आर्किटेक्ट मंडळी हमखास विसरतात. स्वतःचे, जोडीदाराचे किंवा अवलंबितांचे बेकायदा बांधकाम हेही अपात्रतेचे कारण आहे. तेव्हा आपल्या ऑफिसातला पोटमाळा आणि घराच्या गच्चीवरची शेड आधी मंजूर नकाशाशी ताडून पाहा.

प्रश्न : निवडणूक न लढवता स्वीकृत नगरसेवक होणे सोपे नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : प्रचार वाचतो, पण मतही जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-आर नुसार विशेष ज्ञानामुळे नेमलेल्या सदस्याला सभेत मतदानाचा अधिकार नसतो. बोलता येते. शिवाय या जागा पक्षांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात, त्यामुळे नाव शेवटी गटनेत्याच्या यादीतूनच येते.

प्रश्न : विकास आराखड्यावर नगरसेवकाचा खरा प्रभाव कुठे पडतो? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : विकास आराखडा म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी वापरायची, हे ठरवणारा नकाशा. त्यावर प्रभाव पडतो तो सर्वसाधारण सभेत, असे लोक समजतात. तिथे गाजावाजा फार होतो, पण कामाच्या जागा वेगळ्या.

पहिली जागा नियोजन समिती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि सूचना-हरकती मागवल्या जातात. त्यांची सुनावणी कलम २८ खालची समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे (महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या समितीचे) तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. म्हणजे आर्किटेक्ट नगरसेवकाला इथे बसायचे तर आधी स्थायी समितीच्या सोळा सदस्यांत यावे लागते. पक्षाकडे मागायचेच असेल तर हे मागा. एखाद्या विषय समितीचे सभापतिपद त्यापुढे फिके आहे.

समितीत नसाल, तर प्रभागातल्या लोकांच्या हरकती नीट लिहून द्या. एका अर्जात एकच मुद्दा असावा. सर्व्हे किंवा सिटीसर्व्हे क्रमांक, नकाशाचा पत्रक क्रमांक आणि आरक्षण क्रमांक (शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेला आराखड्यात दिलेला) वरच लिहा. सोबत मोजणीचा नकाशा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि जागेचे आजचे फोटो जोडा. विद्यमान भूवापर नकाशात, म्हणजे जमिनीचा आजचा वापर दाखवणाऱ्या नकाशात, त्या जागेवर काय दाखवले आहे ते जरूर तपासा. उभी इमारत तिथे 'मोकळी जागा' म्हणून दाखवलेली असेल तर तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच. मागणी मोजकी हवी. 'मैदानाचे आरक्षण रद्द करा' एवढेच लिहिले तर अर्ज बाजूला पडतो. तेवढ्याच क्षेत्राची पर्यायी जागा दाखवली तर निदान चर्चा होते. एकाच मजकुराचे पाचशे छापील अर्ज एकत्र बांधून एकाच सुनावणीत निकाली निघतात. त्यात श्रम वाया घालवू नका.

दुसरी जागा त्याच अधिनियमाचे कलम ३७, म्हणजे मंजूर आराखड्यातले फेरबदल. असा ठराव पुष्कळदा आयत्या वेळचा, म्हणजे आधी विषयपत्रिकेत नसलेला विषय म्हणून येतो, नकाशा कुणी उघडत नाही आणि बागेची जागा निवासी होते. नकाशा वाचता येणारा एक सदस्य सभागृहात असणे इथे उपयोगी पडते. ठरावासोबत आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नकाशे मागा आणि मागितल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या.

तिसरे म्हणजे कलम १२७ ची तारीख. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात आली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. प्रभागातल्या अशा सूचनांची तारीखवार यादी ठेवा आणि अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी संपादनाची तरतूद मागा. शाळेची जागा गेली की सगळे हळहळतात. वर्षभर आधी पैसे मागायला मात्र कुणी उठत नाही.

प्रश्न : ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात एका आर्किटेक्ट महापौराने शहर बदलले म्हणतात. आपल्याकडे ते का होत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ते जाइमे लर्नर. १९७१ पासून तीन वेळा महापौर. त्यांची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी : दुकानदारांचा विरोध असताना १९७२ साली मुख्य बाजाररस्ता सुमारे ७२ तासांत पादचाऱ्यांसाठी करून टाकला. मात्र त्याआधीचा भाग सहसा कोणी सांगत नाही. शहराची नियोजन संस्था १९६५ पासून काम करत होती, तिच्या उभारणीत लर्नर स्वतः होते. कागद तयार होता, म्हणून ७२ तास पुरले. दुसरे, पहिल्या दोन वेळा ते लष्करी राजवटीत नेमलेले महापौर होते. लोकांनी निवडून दिले ते १९८८ मध्ये.

१९७४ मध्ये तिथे वेगळ्या मार्गिकेतून जलद बस सुरू झाली. सोबत त्या मार्गांच्या कडेलाच उंच, दाट बांधकामाला परवानगी होती, म्हणून बसला प्रवासी मिळत गेले. पुण्यात २००६ साली अशीच जलद बस (बीआरटी) आली तेव्हा मार्गिका आखल्या गेल्या. कडेच्या भूवापराशी त्यांची गाठ तशी बांधली गेली नाही.

आणि आपला महापौर अडीच वर्षांचा, कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. त्यामुळे इथल्या आर्किटेक्ट महापौराला रस्ता एका रात्रीत बदलता येणार नाही. आयुक्तांच्या अंदाजपत्रकात तरतूद घालून घेणे, स्थायी समितीत निविदेतला रस्त्याचा छेद (पदपथ, मार्गिका यांना किती रुंदी दिली ते दाखवणारा नकाशा) तपासणे, इतके त्याच्या हातात असते.