मेंदूच ठरवतो, तर मग माझी चूक काय?

प्रश्न: सर नमस्कार, मी कॉलेजपासून तंबाखू खातो. दर सोमवारी सोडायचं ठरवतो पण दुपारी जेवण झालं की हात आपोआप पुडीकडे जातो, बार लावल्यावरच लक्षात येतं. बायको म्हणते तुमच्यात निग्रहच नाही. मित्राने व्हिडिओ पाठवला, त्यात म्हणे सायन्सने सिद्ध केलंय की आपण ठरवायच्या आधी मेंदूने ठरवलेलं असतं. मग इच्छाशक्ती वगैरे थोतांडच ना, आणि माझी चूक तरी काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: व्हिडिओतला प्रयोग बहुतेक बेंजामिन लिबेट या अमेरिकन मेंदूसंशोधकांचा, 1983 सालचा. लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले आणि सांगितलं की वाटेल तेव्हा मनगट हलवा, फक्त ‘आता हलवू’ असं मनात आलं तेव्हा समोरच्या घड्याळात फिरणारा ठिपका कुठे होता ते लक्षात ठेवा. मनगट हलायच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत हालचाल सुरू झालेली आणि मनात आलं ते जेमतेम 200 मिलिसेकंद आधी, झालं, गावभर बोभाटा की स्वेच्छा खोटी! खुद्द लिबेट मात्र म्हणायचे की शेवटच्या क्षणी माणूस स्वतःला थांबवू शकतो. पुढे 2012 मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतल्या नेहमीच्या चढउतारांमुळेही तशी हालचाल दिसू शकते, तिला निर्णय म्हणायची गरज नाही. आणि मनगट कधी हलवायचं यात कुणाचं काय जातंय हो? तंबाखू सोडणं म्हणजे कित्येक महिन्यांचा मामला.

तुमच्या कामाचा अभ्यास ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधिकेचा आहे. 1971 मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ पाचातला एक तिकडे हेरॉइनच्या आहारी गेला होता, पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातले साधारण 5 टक्केच परत अडकले. आता विमानात बसल्या बसल्या त्यांचा निग्रह वाढला असं तर नाही ना, जागा बदलली, सोबत बदलली, माल सहज मिळेना. (तंबाखू तितकी झटकन सुटेल असं मी म्हणत नाहीये, टपरी तर तुमच्या कोपऱ्यावरच असणार.)

‘माझी चूक काय’ म्हणाल तर अ‍ॅरिस्टॉटल बघा. प्राचीन ग्रीसमध्ये पिट्टाकस नावाच्या राज्यकर्त्याचा कायदा होता, नशेत गुन्हा केला तर दुप्पट शिक्षा. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं, नशेत भान नव्हतं हे कबूल, पण न पिणं तर हातात होतं. तसं जेवणानंतरच्या तल्लफेपुढे तुम्ही हरता त्याचा बोल मी तुम्हाला लावणार नाही, पण सकाळी पुडी विकत घेऊन खिशात टाकताना डोकं ठिकाणावर असतं ना, तिथे मात्र जबाबदारी तुमचीच, मेंदूच्या नावाने बिल फाडू नका.

तेव्हा पुडी आणि चुन्याची डबी घरातून काढा, टपरीवाल्याला उधार बंद करायला सांगा, जेवल्यावर बडीशेप तोंडात टाका. पहिले काही दिवस चिडचिड होणारच, वहिनींना आधीच सांगून ठेवा. सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, फोन फुकट लागतो. आणि तोंडात पांढरा चट्टा असेल किंवा तोंड नीट उघडत नसेल तर मेंदूबिंदू राहू द्या, आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा.