कार्लटन कॉलेजला निघण्यापूर्वी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

थंडीचे कपडे, बँकेचे खाते आणि सामानाचे वजन यांविषयी तू विचारले आहेस, त्याची उत्तरे तुझी आई माझ्यापेक्षा चांगली देईल. मी अभ्यासाविषयी लिहितो, आणि त्यातही मुख्यतः एका सवयीविषयी: अर्धेकच्चे काम वेळेवर दुसऱ्यासमोर ठेवण्याची. बारावीपर्यंतच्या आपल्या शिक्षणात ही सवय कोणी लावत नाही. उलट, पूर्ण तयारी झाल्याशिवाय सरांसमोर जाऊ नये, असेच आपण शिकतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्डचे हे कॉलेज १८६६ साली स्थापन झाले. आजही तिथे सुमारे दोन हजारच विद्यार्थी आहेत, सगळे पदवीचे. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या मानाने हा आकडा फारच लहान आहे. वर्गात बहुधा पंधरा-वीस जण असतात. तू बोलली नाहीस तर ते लक्षात येते आणि तू आली नाहीस तर विचारणा होते. झाकली मूठ सव्वा लाखाची हे धोरण दोनशे जणांच्या वर्गात खपून जाते. पंधरा जणांच्या टेबलाभोवती तसे होत नाही.

त्यात वर्षाची रचना वेगळी आहे. दोन सत्रांऐवजी दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रे असतात आणि प्रत्येक सत्रात साधारणपणे तीनच विषय घ्यायचे असतात. तीन विषय ऐकून तुला हायसे वाटेल, पण पाचवा आठवडा उजाडेपर्यंत अर्धे सत्र संपलेले असते. दुसऱ्या आठवड्यात न समजलेली गोष्ट ‘शनिवार-रविवारी एकदा नीट बसून करू’ म्हणून बाजूला ठेवली, तर चौथ्या आठवड्यात तिच्यावर उभारलेले सगळेच डळमळू लागते. आपल्याकडच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला तिथे फारसे स्थानच नाही, कारण गुण एका परीक्षेवर नसून दर आठवड्याच्या वाचनावर, लेखनावर आणि चर्चेवर विभागलेले असतात.

म्हणून प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवून घे आणि पाणी गळ्याशी येण्याआधी जा. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात सर्वांना एक युक्तिवाद-लेखनाचा सेमिनार असतो. सुरुवात तिथूनच कर. समज, पाच पानांचा निबंध द्यायचा आहे आणि तुझे दीडच पान झाले आहे. ते दीड पान घेऊन जा. प्राध्यापक बहुधा तुझे इंग्रजी सुधारत बसणार नाहीत. ते दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारतील, ‘यात तुझे म्हणणे कोणते आणि पुस्तकाचे कोणते?’ आपल्याला मुद्दा सजवून सांगता येतो, पण तो आपला आहे की वाचलेला, हे वेगळे काढण्याची सवय नसते. या प्रश्नाला उत्तर देताना तू चाचपडशील. त्या चाचपडण्यातूनच निबंध उभा राहतो, आणि न सांगता दुसऱ्याचे वाक्य वापरण्याचा गंभीर दोषही टळतो. काही प्राध्यापकांना विद्यार्थी नावाने हाक मारतात. तुला ते जड जाईल. आडनावामागे ‘प्रोफेसर’ लावलेस तरी कोणी वाईट वाटून घेणार नाही.

हे सगळे पुढे कामाला येते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तीन ते पाच लेखांचा लेखनसंग्रह सादर करावा लागतो आणि त्याच सुमारास मुख्य विषय जाहीर करायचा असतो. शेवटच्या वर्षी तर ‘कॉम्प्स’ असतात, म्हणजे मुख्य विषयातले समारोपाचे मोठे काम. कुठल्या विभागात हे काम म्हणजे प्रबंध असतो, कुठे परीक्षा, कुठे गटाने केलेला प्रकल्प. शिफारसपत्र लिहिणाऱ्यालाही तुझी गुणपत्रिका नव्हे, तर त्या दीड पानाची पाच पाने कशी झाली, ते माहीत असावे लागते.

विषयाबद्दल एक सांगतो, कारण तू ‘मराठीचा तिथे काय उपयोग’ असे लिहिले आहेस. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ ते १९९७ या काळात याच कॉलेजात इतिहास शिकवला. डॉ. आंबेडकरांची चळवळ आणि चोखामेळ्यासारखे मराठी संतकवी हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या, अशा लहान कॉलेजांचे विद्यार्थी एका संयुक्त कार्यक्रमातून पुण्यात येऊन मराठी शिकत. तेव्हा आजोबांच्या कपाटातली जुनी मासिके म्हणजे रद्दी आहे, असे समजून जाऊ नकोस. इतिहास किंवा धर्माभ्यास घेतलास, तर ती वाचता येणे ही तुझ्या वर्गात फार थोड्यांकडे असलेली गोष्ट असेल. मात्र तीही चौथ्या वर्षापर्यंत राखून ठेवू नकोस. पहिल्याच वर्षी कुणाशी तरी बोल.

हिवाळी सत्र कठीण जाते. सुरुवातीला पाचच्या आत सूर्य मावळतो आणि खोलीतून निघावेसे वाटत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक प्राध्यापकांच्या भेटीला जाणे सोडतात. लेखन केंद्रात आणि गणिताच्या मदत केंद्रात तुझ्याएवढीच मुले मदतीला बसलेली असतात. निदान तिथे तरी जा.

पहिल्या निबंधाचा कच्चा मसुदा मलाही पाठव. इंग्रजीच्या चुका न सुधारता पाठवलास तरी चालेल.

तुझा,
मामा