नवीन गिऱ्हाइकाला पहिला मेल काय टाकायचा?

प्रश्न : सांगलीत गणपती पेठेत आमचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे, आता वेबसाइटवरूनपण माल जातो. ऑफरसाठी लोक ईमेल देऊन ठेवतात, पण त्यांना पहिला मेल काय पाठवायचा तेच सुचत नाही.

उत्तर : दादा, मेल लगेच गेला पाहिजे, नाव नोंदवल्या नोंदवल्या, चार दिवसांनी गेला तर हे कोण बुवा म्हणून माणूस सरळ डिलीट करतो. पाठवणारा म्हणून दुकानाचं नाव दिसू दे, 'नोरिप्लाय' वगैरे नको, उलट कुणी काही विचारलं तर विचारू दे की. विषयाची ओळ छोटी, मोबाइलवर पुढचं कापलं जातं. 'आमच्या परिवारात हार्दिक स्वागत' सगळेच लिहितात, त्यापेक्षा 'तुमचा १० टक्के सूट कोड आत आहे' लिहा, म्हणजे सूट कबूल केली असेल तर हां! आत दुकानाचा इतिहास, आजोबांचा फोटो, बारा लिंका असलं काही नको. कोड सगळ्यात वर, मग महिन्याला किती मेल येणार ते, आणि मालाबद्दल एखादी कामाची गोष्ट, जसं की बेदाणा हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला की लवकर काळा पडत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालंय, तेपण एका ओळीत येऊ दे. बटण एकच, 'ऑर्डर करा'.

खाली 'मेल बंद करा' ची लिंक द्यायचीच, लपवायची नाही. जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गुगलने २०२४ पासून एका क्लिकची सोय सक्तीची केलीये. तुमचा आकडा तेवढा नसेल, पण ज्याला वाट सापडत नाही तो स्पॅम दाबतो आणि मग बाकीच्यांचे मेलपण तिकडेच जायला लागतात.