बुद्धिबळात वजीर देऊन मात करणं हा जुगार असतो की हिशेब?

हिशेब. निदान जिथे तो खरोखर चालतो तिथे तरी नक्कीच. तुम्ही विचारलंय की सगळ्यात ताकदीचं मोहरं देऊन टाकायला इतका धीर येतो कुठून. एक डाव पटावर मांडून बघा, धीराचा प्रश्नच उरणार नाही.

३० नोव्हेंबर २०१६, न्यूयॉर्क. जगज्जेतेपदासाठी मॅग्नस कार्लसन आणि सर्गेई कार्याकिन यांचे बारा डाव ६-६ असे बरोबरीत सुटले होते. मग जलद डाव झाले. त्यातल्या चौथ्या डावाआधी कार्लसन २-१ ने पुढे होता, म्हणजे कार्याकिनला जिंकणं भागच होतं.

(घरांची नावं अशी: उभे रकाने पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.)
पांढरा: राजा एच१, वजीर एफ४, हत्ती सी८ आणि एफ५, प्यादी ई४, एफ३, एच२, एच५.
काळा: राजा एच७, वजीर एफ२, हत्ती ए२, उंट ई७, प्यादी बी६, डी६, एफ७, जी७.

खेळी पांढऱ्याची. काळा पुढच्याच खेळीत जी२ वर मात करणार आहे, त्यामुळे शहाशिवाय दुसरं काही खेळायला सवडच नाही. कार्लसनने ५०वी खेळी केली: वजीर एच६, शह! कार्याकिनने तिथेच डाव सोडला.

वजीर मारल्यावाचून काळ्याला गत्यंतर नाही, आणि मारायचे दोनच मार्ग आहेत. राजाने मारला तर हत्ती एच८ वर येऊन मात. जी७ च्या प्याद्याने मारला तर एफ५ चा हत्ती एफ७ चं प्यादं मारून मात. बघा, दोन्ही फाट्यांत शेवटचा घाव हत्तीचा आहे. वजिराचं काम फक्त राजाला किंवा त्याच्या शेजारच्या प्याद्याला जागेवरून हलवणं एवढंच होतं.

मला या डावात सर्वांत आवडतं ते एच५ चं प्यादं. सगळे वजिराबद्दल बोलतात, पण राजाचं जी६ हे घर त्या प्याद्याने बंद केलंय. ते उचलून तीच खेळी पुन्हा करून बघा: दोन्ही फाट्यांत राजा जी६ वर निसटतो आणि पांढरा वजीर गमावून बसतो.

म्हणून सराव करताना आधी बळी शोधू नका. विरुद्ध राजाला जायला कोणती घरं मोकळी आहेत आणि उरलेली कोणी अडवलीत, ते एकेक करून बघा. मग प्रत्येक शहाला मिळू शकणारी सगळी उत्तरं तपासा, नकोशी वाटणारीसुद्धा.