‘उगाच काळजी करू नका’ हा तपासणीचा रिपोर्ट नव्हे

आदरणीय ताई,

मी ४३ वर्षांची आहे, तासगाव तालुक्यात राहते आणि शाळेत शिकवते. तीन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ब्लाउजवरूनच चाचपून पाहिले, ‘हार्मोनची गाठ आहे, या वयात होते, उगाच काळजी करू नका’ असे सांगितले आणि गोळ्या दिल्या. गेल्या वर्षी शिबिरात केलेली मॅमोग्राफी नॉर्मल होती, याचीही त्यांनी आठवण करून दिली. गोळ्या संपल्या, पण गाठ तशीच आहे. माझ्या धाकट्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता, म्हणून मी मनाला लावून घेते, असे यजमानांचे म्हणणे आहे. सुई टोचली की गाठ चिघळते, असे सासूबाई सांगतात. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आहे. ती होईपर्यंत थांबावे का? आणि ज्यांनी वीस वर्षे आमचे घर सांभाळले, त्या डॉक्टरांना डावलून दुसरीकडे गेले तर तो त्यांचा अपमान ठरेल का?

— एक वाचक

प्रिय भगिनी,

परीक्षेपर्यंत थांबू नका; याच आठवड्यात तपासणीला जा. तुमची गाठ कशाची आहे हे मला पत्रावरून सांगता येणार नाही, आणि ते तुमच्या डॉक्टरांनाही नुसत्या हाताने चाचपून खात्रीने सांगता येण्यासारखे नाही, मग त्यांचा अनुभव कितीही मोठा असो. या वयातल्या बहुतांश गाठी कर्करोगाच्या नसतात. काही पाण्याच्या असतात, काही तंतुमय असतात, तर काही वेळा पाळीच्या आधी स्तनात घट्टपणा येतो आणि तोच गाठीसारखा लागतो. पण पाळीमुळे आलेला घट्टपणा पाळीनंतर ओसरतो, आणि तुमची गाठ तीन महिने उलटूनही तशीच आहे. ती दुखत नाही यावरून कोणी तुमचे समाधान करू पाहत असेल, तर ते मानू नका, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणजे साधी’ या समजुतीपायी आपल्याकडच्या किती तरी स्त्रिया गाठ लिंबाएवढी होईपर्यंत घरात बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

गेल्या वर्षीच्या मॅमोग्राफीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळा घोळ तिथे झाला आहे. शिबिरात होते ती चाळणी तपासणी असते, म्हणजे ज्या स्त्रीला कसलाही त्रास नाही तिच्यातला लपलेला रोग शोधण्यासाठी केलेली तपासणी. ती अवश्य करून घ्यावी. अमेरिकेतील तज्ज्ञ गटाने २०२४ साली चाळिसाव्या वर्षापासून ७४व्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करण्याची शिफारस केली, आणि आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी, मॅमोग्राफीने नव्हे पण प्रशिक्षित हातांनी, स्तनतपासणी करण्याची तरतूद आहे. मात्र चाळणीतून काही दाणे निसटतातच. सर्वसाधारणपणे दहा कर्करोगांमागे एक-दोन मॅमोग्राफीत दिसत नाहीत. ज्यांच्या स्तनांत चरबी कमी आणि ग्रंथी व तंतू जास्त असतात त्यांच्या बाबतीत हे प्रमाण आणखी वाढते, कारण फिल्मवर तो घन भागही पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. चाळिशीतल्या पुष्कळ स्त्रियांचे स्तन असे घन असतात. शिवाय तो रिपोर्ट वर्षापूर्वीचा आहे आणि गाठ तीन महिन्यांपूर्वी लागली आहे, तेव्हा जुना रिपोर्ट तिच्याबद्दल काय सांगणार? ज्या दिवशी गाठ तुमच्या हाताला लागली, त्या दिवशी तुमच्यापुरता चाळणीचा विषय संपला आणि निदानाचा सुरू झाला. या दोहोंचे नियम वेगळे आहेत.

हाताला काय लागले याला किंमत नसते, असेही समजू नका. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली झोपडपट्ट्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनतपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यावर सापडला होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. पण त्या सेविकांना हाताला गाठ लागली की ‘काही नसेल’ म्हणून त्या स्त्रीला घरी पाठवण्याची मुभा नव्हती. पुढच्या तपासणीसाठी तिला रुग्णालयात पाठवले जाई. तुमच्या बाबतीत नेमकी हीच पायरी वगळली गेली आहे.

ती पायरी अशी असते. आधी दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याखालच्या हाडाच्या वरचा भाग यांची, कपडा बाजूला करून, बसवून आणि झोपवून तपासणी व्हायला हवी. ब्लाउजवरून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. मग त्याच गाठीसाठी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. आणि त्यांत शंका उरली तर जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून केलेली बायोप्सी. केलेल्या सगळ्या तपासण्यांचा कौल एकमेकांशी जुळला, तरच गाठ साधी आहे असे म्हणायचे. मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ या नावापुढे शून्य ते सहा यांपैकी एक आकडा असतो, तो स्वतः वाचा. एक किंवा दोन म्हणजे धोक्याचे काही दिसले नाही. तीन म्हणजे शक्यता दोन टक्क्यांहून कमी, बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. चार किंवा पाच असेल तर बायोप्सी टाळू नये. शून्याचा अर्थ चित्र अपुरे आहे, आणखी तपासणी हवी, एवढाच. तो पाहून हायसे वाटून घेऊ नका. आकडा चांगला आला आणि तपासणाऱ्या सर्जनना हाताला लागलेली गाठ मात्र संशयास्पद वाटली, तरीही बायोप्सी करतात.

येथे एका गोष्टीसाठी मी आग्रह धरणार आहे. लहान गावांतून अनेकदा ‘गाठ काढूनच टाकू, मग तपासायला पाठवू’ असा सल्ला मिळतो. सुईची बायोप्सी झाल्याखेरीज त्याला होकार देऊ नका. गाठ कर्करोगाची निघाली तर शस्त्रक्रिया आधी करायची की औषधे आधी द्यायची, स्तन वाचवता येईल का, काखेतल्या गाठींचे काय करायचे, हे सारे नीट आखावे लागते, आणि घाईने अर्धवट काढलेली गाठ ती आखणी बिघडवते. काही कारणाने गाठ काढलीच, तर ती प्रयोगशाळेत गेली आहे याची खात्री करून घ्या आणि तो रिपोर्ट आपल्या हाती घ्या.

सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी पाहिलेल्या स्त्रिया बहुधा फार उशिरा रुग्णालयात पोचल्या असतील. सुई लागली आणि काही महिन्यांत त्या गेल्या, म्हणून दोष सुईवर आला. सुईच्या बायोप्सीमुळे रोग पसरून आयुष्य कमी होते, याला वैद्यकीय आधार नाही. हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. शक्य असेल तर त्यांना बरोबरच न्या.

आता तुमच्या फॅमिली डॉक्टरांविषयी. वीस वर्षांचा ऋणानुबंध मोडा, असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे पुन्हा जा, पण या वेळी लक्षण सांगून गप्प बसू नका, मागणी करा: ‘डॉक्टर, गोळ्या पूर्ण केल्या, तीन महिने झाले, गाठ तशीच आहे, आणि माझ्या सख्ख्या मावशीला हा आजार झाला होता. मला मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीसाठी चिठ्ठी द्या आणि कोणत्या सर्जनना दाखवू ते सांगा.’ एवढे एका कागदावर लिहून नेलेत तरी चालेल. समोर बसले की शब्द सुचत नाहीत, हा पुष्कळ जणींचा अनुभव आहे. तरीही त्यांना गरज वाटली नाही, तर ‘तपासणीची आवश्यकता नाही’ हे कारणासह केसपेपरवर लिहून देण्याची नम्रपणे विनंती करा. लिहायची वेळ आली की बहुतेक डॉक्टर पुन्हा विचार करतात. आणि चिठ्ठी मिळाली नाही, तर थेट सर्जनकडे जा, कारण आपल्याकडे त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मिरज आणि सांगली तुम्हाला जवळ आहेत, आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचाही पर्याय आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा, आपली कागदपत्रे मिळवण्याचा आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना जवळ एक स्त्री असण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदलेला आहे. जो डॉक्टर आपल्या रुग्णाने दुसरे मत घेतल्याने दुखावतो, त्याच्या मनाची काळजी तुम्ही वाहायची नाही.

यजमानांना मात्र वेगळ्या प्रकारे सांगावे लागेल. त्यांना बहुधा भीती वाटते आहे, आणि ती ‘तुझ्या मनाचे खेळ’ असे म्हणून बाहेर पडते आहे, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. ‘मला भीती वाटते’ असे तुम्ही म्हणालात की ते तुमची समजूत काढत बसतील, म्हणून वार ठरवूनच सांगा: ‘बुधवारी मिरजेला जायचे आहे, तुम्ही रजा टाका.’ त्यांना जमले नाही तर जाऊबाईंना किंवा शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीला बरोबर घ्या. एकटीने जाऊ नका, कारण डॉक्टर सांगतात त्यातले निम्मे काळजीत कानावरून जाते.

आणि लेकीची परीक्षा. तपासण्या आणि बायोप्सीचा रिपोर्ट मिळून साधारण आठ-पंधरा दिवसांचे काम आहे. गाठ साधी निघाली, तर परीक्षेच्या काळात तुम्ही मोकळ्या मनाने तिच्यापाशी असाल. तशी निघाली नाही, तर हे महिने उपचारांसाठी मोलाचे आहेत, आणि ते तिच्या गुणपत्रिकेसाठी खर्च केलेत, असे तिला पुढे कळले तर तो भार त्या मुलीने जन्मभर का वाहावा? तिला सगळे सांगायची गरज नाही; ‘एक गाठ आहे, ती दाखवून येते’ इतके पुरे. ती जाणती आहे, आणि घरातली कुजबुज तिच्या कानावर आलीच असेल.

जाण्यापूर्वी आईला विचारून एका कागदावर लिहून ठेवा की मावशींना हा आजार कितव्या वर्षी झाला, एका स्तनात की दोन्हींत, आणि आजोळी किंवा वडिलांकडे, आत्या आणि आजी धरून, आणखी कोणाला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का. वडिलांकडची बाजू विचारायची पुष्कळदा राहून जाते, पण जोखीम तिकडूनही येते. जनुकीय चाचणीची गरज आहे का आणि तुमच्या मुलीची चाळणी तपासणी पुढे कोणत्या वयात सुरू करावी, हे या माहितीवरून ठरते. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, कारण त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात. मॅमोग्राफीत स्तन काही सेकंद दाबला जातो आणि तेवढ्यापुरते दुखते. गेल्या वर्षीचा नुसता रिपोर्ट नको, शिबिराच्या आयोजकांकडून मूळ फिल्म किंवा सीडी मागून घ्या आणि नव्या तपासणीच्या वेळी रेडिओलॉजिस्टच्या हाती द्या, म्हणजे त्यांना दोन्ही शेजारी ठेवून पाहता येईल.

तुमची,
ताई